सहा फुटांचा स्वार आणि वाकलेलं हँडल

मोटारसायकल घेताना आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: पाय टेकतात का? गिऱ्हाईक सीटवर बसतं, दोन्ही टाचा जमिनीला लावून बघतं आणि निम्मा सौदा तिथेच होतो. सरासरी पुरुष साडेपाच फुटांच्या आसपास असलेल्या देशात हा प्रश्न रास्तच आहे. कंपन्यांनीही तो पाठ करून ठेवला आहे, म्हणून आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांची सीट ८०० मिलिमीटरच्या अलीकडे-पलीकडे असते. पंचाईत होते ती सहा फुटांच्या वरच्या माणसाची. त्याचे पाय कुठल्याही गाडीवर टेकतात, वर गुडघे वाकलेलेही राहतात. गाडी सुटल्यावर ते पाय ठेवायचे कुठे, हा त्याचा खरा प्रश्न. आणि त्याला कॅफे रेसरच हवी असेल तर हा प्रश्न जास्तच बोचतो, कारण या जातीच्या गाडीत फूटरेस्ट मुद्दाम मागे आणि वर नेलेले असतात.

पांढुर्णा-सौंसरच्या बाजूला अशी गाडी घ्यायची तर हिशेब जरा वेगळा बसतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा झालेला पांढुर्णा जिल्हा कागदावर मध्य प्रदेशात आहे, पण बोली मराठी आणि मोठ्या खरेदीसाठी तोंड नागपूरकडे. पांढुर्ण्यावरून बैतूल-नागपूर महामार्ग जातो, सौंसरवरून छिंदवाडा-नागपूर रस्ता. दोन्ही सावनेरला मिळतात. सौंसरहून नागपूर साधारण सत्तर किलोमीटर, पांढुर्ण्याहून शंभराच्या जवळ. म्हणजे इथल्या स्वाराची फेरी गावातल्या चकरेइतकी छोटी नाही आणि लडाखच्या मोहिमेइतकी लांबही नाही. एका बाजूने दीड-दोन तास. उंच माणसाची कंबर आणि मनगटं तपासायला एवढा वेळ पुरेसा होतो.

मुळात कॅफे रेसरची ही पुढे झुकलेली बैठक दोन तासांसाठी जन्मलीच नव्हती. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर १९३८ मध्ये एस कॅफे सुरू झालं, युद्धात बॉम्बने उद्ध्वस्त झालं आणि १९४९ मध्ये पुन्हा उभं राहिलं. पन्नास-साठच्या दशकात तिथे जमणारी पोरं एका कॅफेपासून दुसऱ्यापर्यंत शर्यती लावत. बीएसए गोल्ड स्टारसारख्या गाड्यांचं रुंद हँडल काढून फोर्कच्या नळ्यांवर बसणारे दोन आखूड तुकडे लावायचे, फूटरेस्ट मागे न्यायचे, लांब सीटऐवजी पाठीमागे उंचवटा असलेली एकट्याची सीट बसवायची. ट्रायम्फचं इंजिन नॉर्टनच्या फेदरबेड फ्रेममध्ये घालून तयार केलेली ट्रायटन ही त्या खटाटोपातली सर्वांत नावाजलेली गाडी. ध्येय एकच, ताशी शंभर मैल. म्हणजे १६१ किलोमीटर.

त्या वेगाला छातीवर येणारा वारा पुढे झुकलेल्या शरीराला आधार देतो आणि मनगटावरचा भार हलका होतो. ताशी तीस किलोमीटरला असा वारा नसतो. धडाचं सगळं वजन तळहातांवर येतं. आपल्याकडे २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे चौपदरी रस्त्यावरसुद्धा मोटारसायकलची कमाल मर्यादा ताशी ८० आहे. ज्या वेगासाठी ही बैठक घडली त्याच्या निम्म्यावर आपला कायदा थांबतो, आणि पांढुर्ण्याच्या बाजारात संत्र्यांनी भरलेल्या गाड्यांच्या मागे तर त्याच्याही निम्मा मिळत नाही. कॅफे रेसर आवडणाऱ्याने हे मान्य करूनच पुढे जावं: दिसणं विकत घ्यायचं, तर थोडं अवघडलेपण सोबत येणारच. किती, ते शरीराच्या मापावर ठरतं.

हे माप तीन बिंदूंचं असतं: सीट, फूटरेस्ट आणि हँडल. तिघांना जोडणारा त्रिकोण स्वाराच्या हाडांना जुळला की गाडी जुळली. जाहिरातीच्या पत्रकात मात्र यातला फक्त एक आकडा छापलेला असतो, सीटपासून जमिनीपर्यंतचा. आणि उंच माणसाला तोच सर्वांत कमी कामाचा. त्याला हवं असतं सीटपासून फूटरेस्टपर्यंतचं अंतर, कारण गुडघा किती मुडपणार ते त्यावर ठरतं. दोन गाड्यांच्या सीट सारख्याच उंचीच्या असल्या तरी एकीवर मांडी निवांत राहते आणि दुसरीवर गुडघा टाकीच्या वर डोकावतो. कारण इतकंच, की दुसरीचे फूटरेस्ट दोन-तीन इंच वर आहेत.

शर्यतीच्या मैदानावरही हा झगडा चालतो. मोटोजीपीमध्ये जेमतेम १६० सेंटिमीटरचा दानी पेद्रोसा धावला आणि १९२ सेंटिमीटरचा फ्रेंच लोरिस बाझही. पण बाझची शर्यत पाऊण तासाची, आणि गाडी त्याच्या मापाला बसवून द्यायला त्याच्यामागे अख्खा संघ. सौंसरच्या गिऱ्हाइकाला शोरूममधली गाडी आहे तशी घ्यायची असते.

आता बाजाराकडे बघू.

भारतीय कॅफे रेसरची गोष्ट रॉयल एनफील्डपाशी सुरू होते. कंपनीच्या इंग्लंडमधल्या कारखान्याने साठच्या दशकात २५० सीसीची कॉन्टिनेंटल जीटी काढली होती. तेच नाव २०१३ मध्ये ५३५ सीसीच्या एका सिलिंडरच्या गाडीला मिळालं. तिची फ्रेम हॅरिस परफॉर्मन्स या इंग्रजी कंपनीने आखली होती. पुढे २०१५ मध्ये रॉयल एनफील्डने ती कंपनीच विकत घेतली. ५३५ आता फक्त जुन्या बाजारात मिळते. दिसायला देखणी, किमतीला हलकी, म्हणून मोह होतो. पण एका मोठ्या सिलिंडरची थरथर आणि खाली वाकलेलं हँडल यांची जोडी लांबच्या रस्त्यावर हात बधिर करते. उंच माणसाचं धड लांब, म्हणून हातांवर येणारा भारही जास्त. नागपूरला आठवड्यातून दोनदा जाणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

नोव्हेंबर २०१८ मध्ये आलेली कॉन्टिनेंटल जीटी ६५० हे वेगळंच प्रकरण आहे. दोन सिलिंडर, ६४८ सीसी, सुमारे ४७ अश्वशक्ती, आणि गुळगुळीत चालणारं इंजिन. उंच माणसासाठी तिची सर्वांत मोठी सोय म्हणजे तिची बहीण. इंटरसेप्टर ६५० ला तेच इंजिन आणि जवळपास तीच फ्रेम. फरक हँडलचा, फूटरेस्टचा आणि टाकीचा. जीटीची टाकी साडेबारा लिटरची, लांबट. इंटरसेप्टरची थोडी मोठी. दोघी एकाच शोरूममध्ये शेजारी उभ्या असतात. त्यामुळे कॅफे रेसरची बैठक आपल्या शरीराला नेमकं किती महाग पडते, हे गिऱ्हाइकाला पाच फुटांच्या अंतरात कळतं. आधी इंटरसेप्टरवर बसून पाय फूटरेस्टवर ठेवावेत, मग लगेच जीटीवर. सहा फुटांपर्यंतच्या बऱ्याच जणांना जीटी चालून जाते. त्याच्या वर, विशेषतः ज्यांची उंची धडापेक्षा पायांत जास्त आहे, त्यांचा गुडघा टाकीच्या खोबणीत बसतो की तिच्या पुढच्या कडेला भिडतो, ते पाहावं. भिडत असेल तर जीटीचा विषय तिथेच संपवावा.

दुसरी शाखा मराठी मुलखातच तयार होते. पुण्याजवळच्या चाकणला बजाज ऑटो ट्रायम्फ आणि हस्कवर्ना या परदेशी नावांच्या गाड्या बनवते. यातली हस्कवर्नाची २०२० मध्ये आलेली पहिली विटपिलेन २५० ही कुणी फारशी न घेतलेली, पण उंच माणसाने जुन्या बाजारात आवर्जून बघावी अशी गाडी. सीट तब्बल ८४२ मिलिमीटर. पाच फूट पाच इंचांच्या गिऱ्हाइकाने तिला लांबूनच नमस्कार केला, कारण पाय टेकत नव्हते. त्यातून हँडल खाली आणि सीट कडक, म्हणून तीही सौम्य गाडी नव्हेच. पण लांब पायांना तिच्यावर जागा मिळते. २०२४ च्या नव्या विटपिलेनची सीट ८२० वर आली आणि हँडल सरळ झालं. गाडी सोयीची झाली, कॅफे रेसर मात्र उरली नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच चाकणहून ट्रायम्फ थ्रक्स्टन ४०० आली. ३९८ सीसी, ४२ पीएस, वजन १८३ किलो, पुढे हेडलाइटभोवती अर्धगोल काउल, आणि येतानाची शोरूम किंमत २ लाख ७४ हजार. सीट ७९५ मिलिमीटर. हा आकडा वाचून उंच माणसाच्या मनात पाल चुकचुकते आणि ती उगाच नसते: फूटरेस्ट मागे-वर, सीट बुटकी, म्हणजे गुडघ्याचा कोन घट्ट होणारच. पण गाडी हलकी, आणि लांब हातांच्या माणसाला हँडलपर्यंतचा पल्ला जाचत नाही. इथेही जुळी भावंडं आहेत. त्याच घराण्यातल्या स्पीड ४०० चं हँडल रुंद; स्क्रॅम्बलर ४०० एक्सची सीट ८३५ ची आणि बैठक ताठ. सहा फूट दोन इंचांच्या माणसाला चारशेच्या या घराण्यात निवांत बसता येईल अशी जागा स्क्रॅम्बलरवरच आहे, जरी त्याचं मन थ्रक्स्टनवर असलं तरी.

छोट्या इंजिनांचाही विचार करावा लागतो, कारण करांनी रेघ आखली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींना १८ टक्के जीएसटी आणि त्यावरच्यांना ४० टक्के. रेघेच्या आतल्या गाड्यांत खरी कॅफे रेसर दुर्मीळ, पण त्या वळणाच्या काही आहेत. होंडा सीबी३५० आरएसची सीट ८०० ची आणि दोन चाकांमधलं अंतर १४४१ मिलिमीटर, त्यामुळे मोठ्या देहाला ती पेलते. रॉयल एनफील्डच्या हंटर ३५० चं तेच अंतर १३७० आणि सीट ७९०. गल्लीबोळात मस्त गाडी, पण सहा फुटी माणूस तिच्यावर बसला की सर्कशीतलं अस्वल सायकलवर बसल्यासारखा दिसतो. दिसण्यासाठीच गाडी घ्यायची असेल, तर हेही बघायलाच हवं.

गाडी घेऊन मग ती आपल्या मापाची करून घेऊ, असं अनेकांना वाटतं. यात काही उपाय खरे आहेत, काही फसवे. सीटमध्ये इंचभर फोम वाढवला की गुडघा सैल होतो; पण हँडल जागेवरच राहतं, म्हणजे तेवढंच ते आणखी खाली जातं आणि मनगटांवरचा भार वाढतो. गुडघ्याचं दुखणं हातात येतं. मागचे शॉकअब्सॉर्बर लांब बसवले तर सीट वर जाते खरी, पण तिच्यासोबत फूटरेस्टही वर जातात. सीट आणि फूटरेस्टमधलं अंतर होतं तेवढंच राहतं, गाडीचा तोल मात्र पुढे झुकतो. उंच लोकांना हा उपाय हमखास सुचवला जातो आणि त्यांच्याच कामाचा तो नसतो. फूटरेस्ट खाली आणणं हा खरा इलाज. मात्र त्यासोबत गिअरचा दांडा आणि ब्रेकचं पेडलही जुळवावं लागतं, आणि वळणावर गाडी कलली की फूटरेस्ट रस्त्याला लवकर घासतो. सौंसरहून छिंदवाड्याला जाताना सिल्लेवानीचा घाट लागतो. तिथली वळणं असल्या जुळणीची परीक्षा घेतात. हँडल थोडं वर घेणं सर्वांत सोपं, फक्त केबल आणि ब्रेकची नळी दोन्हीकडे पूर्ण वळवल्यावर ताणत नाही ना, ते तपासून घ्यायचं.

उंच माणूस बहुधा वजनानेही भारी असतो. सीट, हँडल यांना हात लावण्याआधी मागच्या स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे तिला आधीच दिलेला दाब, त्याच्या वजनाला बसवून घ्यावा. कंपनीने तो सरासरी स्वारासाठी लावलेला असतो. नव्वद किलोच्या माणसाखाली गाडी मागून बसते आणि मग ती वळायला जड का वाटते, हे कुणाला उमगत नाही. या कामाला पैसे लागत नाहीत, पाना लागतो.

जुन्या गाडीची कॅफे रेसर करून घेणं हा तिसरा रस्ता. त्याला रोमँटिक वलय आहे: १९८५ ते १९९६ च्या काळातली यामाहा आरएक्स १००, म्हैसूरची येझदी, राजदूत ३५०, किंवा घरातली बुलेट. मुंबईत वर्देंचीसारख्या कार्यशाळांनी या कामाला प्रतिष्ठा मिळवून दिली. उंच माणसाच्या दृष्टीने यात एक खरा फायदा आहे: फूटरेस्ट कुठे, सीट किती जाड, हँडल किती खाली, हे सगळं त्याच्या पायाचं माप घेऊन ठरवता येतं. बुलेटची फ्रेम ऐसपैस, म्हणून या कामाला ती आरएक्सपेक्षा बरी.

पण कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीच्या कागदावर जे लिहिलं आहे त्याच्याशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेलं कलम १८२-अ मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही देऊ शकतं. आणखी एक बारीक गोष्ट: मागे माणूस बसण्याची सोय असलेल्या गाडीला धरायला कडी, मागच्याचे फूटरेस्ट आणि निम्मं चाक झाकणारं साडीगार्ड असलंच पाहिजे, असं केंद्रीय नियम १२३ म्हणतो. मिस्त्रीकडे गाडीची कॅफे रेसर होताना सगळ्यात आधी उडतं ते साडीगार्ड. मागे बसणारीचा पदर किंवा ओढणी चाकात जाणं हा काल्पनिक धोका नाही. त्यामुळे फ्रेम कापणं, इंजिन बदलणं, सायलेन्सर उघडा करणं हे विषय सोडूनच द्यावेत. कंपनीच्याच अधिकृत यादीतली जाड सीट किंवा हँडल घेणं हा सरळ मार्ग.

नोंदणीचंही गणित आधी मांडावं. गाडी ज्या राज्यात राहणार तिथल्या परिवहन कार्यालयात ती नोंदवायची, असा कायदा आहे. नागपूरच्या शोरूममधून घेतली तरी पांढुर्ण्याच्या माणसाला तात्पुरता क्रमांक घेऊन मध्य प्रदेशातच कर भरायचा आहे. नागपूरची ऑन-रोड किंमत ऐकून बजेट बांधू नये. आणि गाडी ट्रायम्फची असो वा एनफील्डची, पहिल्या वर्षातल्या सर्व्हिसच्या फेऱ्या कुठे होणार, ते विक्रेत्याकडून लिहून घ्यावं. सत्तर-शंभर किलोमीटर जाऊन ऑइल बदलणं पहिल्यांदा मौज वाटते.

शोरूममध्ये जाताना रोजचे बूट घालून जावं. अकरा नंबरचा बूट असलेल्या माणसाचा पंजा मागे नेलेल्या फूटरेस्टवरून गिअरच्या दांड्याखाली शिरतो का, हे चपलेवर कळत नाही. गाडी कुणाला तरी सरळ धरायला सांगावी, दोन्ही पाय फूटरेस्टवर घ्यावेत आणि सोबतच्या माणसाकडून बाजूने एक फोटो काढून घ्यावा. गुडघा काटकोनाच्याही बराच आत मुडपलेला दिसला तर सावनेरपर्यंत तो बोलायला लागणार. हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळवावं. गुडघ्याला कोपर किंवा हँडल लागत असेल तर गल्लीत गाडी वळवताना पडायची वेळ येईल. आरशात रस्ता दिसतो की स्वतःचेच खांदे, तेही बघावं. काउल असलेल्या गाडीवर आणखी एक चाचणी: बुटक्या स्वाराच्या छातीवरून जाणारा वारा उंच माणसाच्या हेल्मेटवर आदळतो, आणि ताशी ऐंशीला डोकं हलायला लागलं तर काउल शोभेचं उरलं.

पाच मिनिटांच्या चकरेत यातलं फारसं काही उमजत नाही. ओळखीत कुणाकडे तीच गाडी असेल तर पेट्रोल भरून देऊन ती तासभर मागून घ्यावी, आणि त्या तासात निदान दहा मिनिटं बाजारातून, गतिरोधकांवरून न्यावी.

निवाडा द्यायचाच तर असा. सहा फुटांपर्यंतच्या स्वाराने कॉन्टिनेंटल जीटी ६५० बेधडक बघावी, आणि गावात रोज फिरायचं असेल तर वजनाला हलकी थ्रक्स्टन ४००. सहा फूट ते सहा फूट दोन इंच या पट्ट्यात दोन्ही गाड्या तासाभराच्या चाचणीशिवाय घेऊ नयेत; पाय लांब असतील तर थ्रक्स्टनआधी जीटीवर बसून पाहावं. त्याच्याही वर ज्याची उंची गेली आहे आणि ज्याला महिन्यातून चारदा नागपूर गाठायचं आहे, त्याने इंटरसेप्टर ६५० घ्यावी, सीट कंपनीची जाड बसवावी आणि उरलेल्या पैशांत चांगलं हेल्मेट घ्यावं.